फक्त सहा आठवडे

१२ जानेवारी

प्रिय ताई,

सोबत प्रतिष्ठानचे तीन ठराव आहेत, विश्वस्तांच्या सहीसाठी. पेन्सिलीने फुली मारलेल्या जागी सही करायची, शेजारी नाही. मागच्या वेळी तू समासात सही केलीस आणि वकीलकाकांनी मला अर्धा तास धारेवर धरलं, जसं काही मीच तुला शाळेत घातलं होतं.

अध्यक्ष होऊन दोन महिने झाले. आजोबांची खुर्ची इतकी उंच आहे की माझे पाय टेकत नाहीत. शिपायाने खाली एक लाकडी पेटी ठेवून दिली आहे. पाहुणा आला की ती टाचेने मागे ढकलतो आणि अध्यक्षासारखा बसतो. हस, हस. बारक्या तो बारक्याच. कचेरी अजून कारखान्याच्या वरच्या मजल्यावरच आहे. यंत्रं जाऊन पंधरा वर्षं झाली तरी झाडणाऱ्या बाईंना फरशीच्या फटीत अधूनमधून बटणं सापडतात. त्या ती एका बरणीत साठवतात.

काल कॉलरवाले येऊन गेले. आपलं प्रतिष्ठान ज्यांच्या पक्षाच्या पाठीशी उभं आहे, त्यांचे सभागृहातले नेते. गळ्याचं बटण कधी उघडं नसतं, म्हणून मी ठेवलेलं नाव. बटणवाल्यांच्या नातवाला असा माणूस आवडायचाच.

"अध्यक्षसाहेब, कुटुंबाच्या कायद्याला या वेळी मतं जमताहेत," ते म्हणाले. "तुम्ही लोकांपर्यंत पोचवा, आम्ही सभागृहात बघतो."

तिसरा ठराव त्याचाच आहे. व्याख्यानं, अभ्यासवर्ग, वर्तमानपत्रांतले लेख, सगळ्याला आपलं पाठबळ. ताई, अकरा वर्षं मी याच्या मागे आहे. लोक म्हणतात, श्रीमंतांचे चोचले. त्यांना काय माहीत? वसतिगृहाच्या फाटकापाशी सहा वर्षांचा मुलगा दर शनिवारी उभा राहतो, आज आई येईल म्हणून. घर मोडणं सोपं असतं, म्हणून माणसं मोडतात. थोडं अवघड केलं तर दहातलं एखादं तरी वाचेल. एवढंच माझं म्हणणं आहे.

भाऊजींना नमस्कार. भाचीला सांग, मामा आता मोठ्या खुर्चीत बसतो.

तुझा,
बारक्या


२६ जानेवारी

प्रिय बारक्या,

सह्या केल्या आहेत. फुलीवरच. वाकड्या आल्या म्हणून काकांना राग आला तर सांग, डाव्या हाताने केल्या. न्हाणीघरात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हे पत्रही डाव्या हाताचंच आहे, तेव्हा कोंबडीचे पाय समजून वाच.

ग्रंथालयात मात्र रजा घेतली नाही. एका हाताने शिवण जमत नाही, पण सरस ढवळता येतो, फाटक्या पानांना पातळ कागद लावता येतो. आमची दुरुस्तीची खोली तळघरात आहे, एकच खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला. लोकांच्या फक्त चपला-बूट दिसतात. मी आणि माझी सोबतीण बूट बघून ओळखतो, आज कोण कामावर उशिरा चाललंय.

एक काम कर. यापुढे पत्रं ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाठव. घरचा पोस्टमन नवा आहे, कुणाचं पत्र कुणाकडे टाकतो.

तिसरा ठराव मी या वेळी वाचायला बसले होते. दोन पानांनंतर डोकं चालेना. सोप्या भाषेत सांग ना, त्या कायद्याने नेमकं काय होणार? म्हणजे एखादीला घर सोडायचंच असेल, तर तिने काय करायचं?

आणि शाळेला सुट्टी लागली की मी लेकीला घेऊन तुझ्याकडे थोडे दिवस येऊ का? आम्ही दोघीच. तुझ्या बायकोला अडचण होणार असेल तर राहू दे.

तुझी,
ताई


४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र वाचलं आणि तडक भाऊजींना फोन लावला. तू अशीच, हात मोडून बसलीस आणि मला महिन्याने सांगतेस! भाऊजींनी सगळं सांगितलं. किती जपतात ते तुला. म्हणाले, "तिला मी किती वेळा सांगतो, ओल्या फरशीवर घाई करू नकोस." पोस्टमनचंही त्यांना सांगून टाकलं, म्हटलं तक्रार करा. त्यांना याची काहीच कल्पना नव्हती.

बोलता बोलता एक कल्पना सुचली. भाऊजी एवढे मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक, बोलतात संथ, लोक ऐकतात. आमच्या पुढच्या सभेत त्यांनी 'घर आणि मूल' यावर बोलावं. ते लगेच हो म्हणाले.

कायद्याचं विचारलंस, बरं वाटलं. सोपं आहे. ज्याला वेगळं व्हायचं आहे त्याने आधी समेट मंडळाकडे जायचं. तीन वर्षं समेटाचा प्रयत्न करायचा, एका छपराखाली राहून. त्या काळात जो घर सोडेल त्याचा मुलांवरचा हक्क जाईल. ऐकायला कडक वाटतं, पण त्यानेच माणसं थांबतील. शिवाय छळ होत असेल तर अपवाद आहे. तिथे तीन वर्षं नाहीत, मूल आईकडे. ते कलम मीच भांडून घालून घेतलं. आपण काही राक्षस नाही.

सुट्टीत जरूर या. पण भाऊजींना घेऊनच या. त्यांना एकटं सोडून कसं चालेल?

बारक्या


२ मार्च

बारक्या,

त्यांना पुन्हा फोन करू नकोस.

मी घसरले नव्हते. घरी पोस्टमन नवा नाही. तुझा फोन येऊन गेला त्यानंतर तीन दिवस मी कामावर जाऊ शकले नाही, आणि प्लास्टर पुन्हा घालावं लागलं. आता समजलं असेल.

तेरा वर्षं झाली. रोज नाही. महिना महिना काही होत नाही, मग भाजीत मीठ जास्त पडतं किंवा मला यायला दहा मिनिटं उशीर होतो. आवाज चढत नाही त्यांचा. शाळेत बोलतात तसंच बोलतात, मुद्देसूद. आधी माझी चूक काय ते समजावून सांगतात. मला वाटतं ओरडणारा नवरा असता तर शेजारी तरी आले असते. हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आता हे का लिहिते ते ऐक. गेल्या महिन्यात लेक बारा वर्षांची झाली. परवा तिच्या हातून फुलदाणी फुटली. त्यांनी तिला समोर बसवलं आणि तिची चूक काय ते समजावून सांगायला लागले. तसंच, त्याच आवाजात. हात लावला नाही. पण मी तो आवाज ओळखते.

मी एका वकीलबाईंना भेटले, जेवणाच्या सुट्टीत. त्या म्हणाल्या, तुमच्या भावाचा तो कायदा मंजूर व्हायच्या आत अर्ज केला, तर जुन्या नियमाने चालेल. सहा महिन्यांत सुटाल, मुलगी तुमच्याकडे. पण दोन गोष्टी लागतील. राहायला जागा. आणि एक साक्षीदार, माझ्या बाजूने डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारा.

तू पाहिलं आहेस, बारक्या. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आला होतास, थंडी होती. सकाळी तू उठलास तेव्हा मी गॅलरीत होते आणि दाराला आतून कडी होती. तू दार उघडलंस. माझे ओठ निळे पडले होते. ते म्हणाले, "अरे, सवयीने कडी लावली गेली." मी हसले. तूही हसलास. नंतर नाश्त्याला म्हणालास, "ताईला थंड हवेचं भारी वेड."

तेवढंच लिहून दे. आणि एक खोली दे. दुसरं काही मागत नाही.

ताई


९ मार्च

ताई,

चार वेळा लिहायला बसलो, चार कागद फाडले.

मला ती सकाळ आठवते. खोटं कशाला बोलू? तुझे ओठ आठवतात. मला त्या वेळी काहीतरी वाटलं होतं आणि मी ते गिळून चहा प्यायलो. ते माझ्याच्याने विसरवणार नाही.

खोली काय मागतेस, अख्खा वरचा मजला तुझा आहे. जबाबही देतो. पण ताई, हात जोडून एक मागतो. फक्त सहा आठवडे थांब. मतदान १८ एप्रिलला आहे. बहुमत चार मतांचं. आज बटणवाल्यांच्या नातीने, प्रतिष्ठानच्या विश्वस्ताने, घटस्फोटाचा अर्ज टाकला, अध्यक्षाने साक्ष दिली, तर उद्या सगळ्या वर्तमानपत्रांत तेच. ती चार मतं जातील. अकरा वर्षांचं काम जाईल.

आणि तुझं त्यात काही नुकसान नाही, हे नीट बघ. नव्या कायद्यात छळाचा अपवाद आहेच. उलट जुन्या नियमाने सहा महिने लागतील, अपवादाखाली तीन. मी वकीलकाकांना नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, "कलम पक्कं आहे."

तोवर भाऊजींशी मी बोलणार नाही, शब्द देतो. त्यांचं भाषणही रद्द केलं, हॉल मिळाला नाही असं कळवलं.

तुला वाटेल याला कायदा बहिणीपेक्षा मोठा. तसं नाही गं. आई घर सोडून गेली तेव्हा तिला कुणी 'थोडं थांब' म्हणालं असतं, तर तू आणि मी असे वाढलो नसतो. मी दुसरं काही करत नाही, एवढंच करतो आहे आयुष्यभर.

बारक्या


२० मार्च

बारक्या,

आईचं नाव काढलंस म्हणून लिहिते. आजोबांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं, आणि मी तीस वर्षं गप्प राहिले. त्यात तुझं भलं आहे असं ते म्हणाले होते. मी अकरा वर्षांची होते, मला खरं वाटलं.

बाबा आईला मारायचे. तुला आठवत नाही कारण तुला मी मागच्या अंगणात खेळायला न्यायची. आठवतं का, मी तुला सारखी 'चल, मुंग्या मोजू' म्हणायची? मुंग्यांत मला काही गोडी नव्हती.

आई पळून गेली नाही. ती आजोबांकडे गेली, कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, आत्ता तू बसतोस त्या खोलीत. मी तिच्याबरोबर होते. तिने सगळं सांगितलं. आजोबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुला जायचं असेल तर तू जा. या घरातली मुलं या घरातच राहतील." आई म्हणाली, "मुलांना घेतल्याशिवाय मी जाणार नाही." ते म्हणाले, "मग थांब." ती आणखी चार महिने थांबली. शेवटी दवाखान्यातून परस्पर तिच्या भावाने तिला नेलं.

तुझ्या वसतिगृहाच्या फाटकापाशी ती तीनदा आली होती. आत सोडायचं नाही असं शाळेला सांगून ठेवलं होतं. हे मला तिनेच सांगितलं. मी तिला नोकरी लागल्यावर शोधून काढलं होतं. एका शिंप्याच्या दुकानात काजं करायची. तुझा फोटो मागितला, मी दिला. नऊ वर्षांपूर्वी गेली. तुला कळवलं नाही, ती चूक माझी.

आणि ती घरातून गेल्याच्या दुसऱ्या वर्षी आजोबांनी प्रतिष्ठान काढलं. घरं मोडू नयेत म्हणून.

हे सगळं तुला दुखवायला लिहिलेलं नाही. वकीलबाई म्हणतात, साक्षीशिवाय अर्ज टाकला तर मुख्याध्यापकांविरुद्ध कोण ऐकणार? म्हणून तू म्हणतोस तशी थांबते. तुझ्यावर विश्वास आहे म्हणूनही थांबते. सहा आठवड्यांतला दीड आठवडा तर गेलाच.

ताई


२१ एप्रिल

ताई,

कायदा मंजूर झाला. तू वाचलंच असशील.

आधी आईचं. मी आजोबांच्या जुन्या ड्रायव्हरकडे गेलो होतो. आता त्यांना नीट दिसत नाही, पण आवाजावरून ओळखलं. मी सरळ विचारलं, "माझी आई फाटकापाशी यायची का?" ते गुडघे चोळायला लागले. मग म्हणाले, "शाळेच्या पहारेकऱ्याला साहेबांचा निरोप मीच दिला होता. नोकरी होती, छोटेसाहेब. माफी मागायची माझी हिंमत झाली नाही." मी त्यांना म्हटलं, असू द्या. दुसरं काय म्हणणार? मीही नोकरीच करतो आहे, नुसती खुर्ची उंच.

आता दुसरं. ते कसं लिहू कळत नाही.

छळाचं कलम गेलं. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी कॉलरवाल्यांनी मला बोलावलं. चार मतांतले दोघे अडून बसले होते. त्यांचं म्हणणं, अपवाद ठेवला तर प्रत्येक बाई छळ झाला म्हणेल आणि कायद्याला भोक पडेल. कॉलरवाले मला म्हणाले, "कलम ठेवलं तर कायदा पडतो, कलम काढलं तर होतो. तुमच्या आजोबांनी काय केलं असतं?" टेबलाभोवती सात जण होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मला बोलायचं होतं. पण का विरोध करतो असं विचारलं असतं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं, आणि मी तुला शब्द दिला होता की...

नाही. तेही खोटं. मी तुला असा काही शब्द दिला नव्हता. मी नुसती मान हलवली, ताई. हो म्हणून.

जबाब सोबत आहे, सही करून. गॅलरीचं सगळं लिहिलं आहे, ओठांचंही. याचा अजून उपयोग होईल ना? वकीलबाईंना विचार. वरचा मजला झाडून ठेवला आहे.

बारक्या


१५ मे

बारक्या,

उपयोग झाला नाही. काय झालं ते सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायचं?

समेट मंडळ जुन्या टपाल कचेरीत भरतं. तिघे जण. अध्यक्ष एक निवृत्त शिक्षिका, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलायला प्रेमळ. त्यांच्यासमोरच्या फायलीवर प्रतिष्ठानची खूण, आपलं बटण छापलेलं होतं, चार भोकांचं. त्यांना शिकवलं आपल्याच अभ्यासवर्गात.

मी सांगितलं. हात दाखवला. मनगट आता पूर्ण वळत नाही, तेही दाखवलं. त्यांनी तुझा जबाब वाचला आणि चष्मा काढला.

"हे तुमचे भाऊ? प्रतिष्ठानचे अध्यक्ष?"

"हो."

"घटना दोन वर्षांपूर्वीची. जबाब गेल्या महिन्यातला. दोन वर्षं ते गप्प का होते?"

 तेव्हा शेजारी बसलेले हे शांतपणे म्हणाले, "मेहुण्यांचं आणि माझं कधी वाकडं नाही. फेब्रुवारीत त्यांनी स्वतः फोन करून मला सभेत बोलायला बोलावलं होतं. घर आणि मूल या विषयावर." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या सभासदाने विचारलं, तुमच्यात आणि भावात मालमत्तेची काही बोलणी चालू आहेत का?

मग अध्यक्षबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. माझा हात हातात घेतला, मोडलेलाच. म्हणाल्या, "बाळ, घरोघरी मातीच्या चुली. इतकी वर्षं काढलीस, आता मुलगी मोठी होतेय. तिच्याकडे बघ." आणि छळ झाला असं धरलं तरी तसं कलमच नाही, हेही त्यांनी समजावलं. खूप वाईट वाटलं त्यांना. खरंच वाटलं.

तीन वर्षं. घर सोडलं तर लेक त्यांच्याकडे. शिवाय मंडळाची शिफारस अशी की पत्नीने नोकरी सोडून घराला वेळ द्यावा. ग्रंथालयात माझा शेवटचा दिवस ३१ मे.

 परतताना त्यांनी वाटेत थांबून लेकीला नवे बूट घेतले. तिने माझ्याकडे बघितलं आणि बूट पायात घातले.

ताई


२६ मे

ताई,

रविवारी आलो ते कशासाठी, तुला कळलं असेल. निघालो तेव्हा गाडीची मागची सीट रिकामी ठेवली होती, तुम्हा दोघींसाठी. वकीलकाकांनी बजावलं होतं, "पोरीला हलवलंस तर अपहरण धरतील, आणि बहिणीची उरलीसुरली बाजूही जाईल." तरी आलो.

आणि काय केलं? चहा प्यायलो. भाऊजी शाळेच्या नव्या इमारतीबद्दल बोलत होते. तू ट्रे घेऊन आलीस, डाव्या हाताने धरला होतास. भाऊजी म्हणाले, "मंडळाकडे तुम्ही काही कागद दिला होता म्हणे. गैरसमज होतात. मी मनात ठेवलेलं नाही." मी काय म्हणालो ठाऊक आहे? मी म्हणालो, "तुमचा मोठेपणा." तू माझ्याकडे बघितलंस. तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. निघताना भाची फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "मामा, तू परत येऊ नकोस. तू गेलास की घर फार शांत होतं."

कॉलरवाल्यांकडेही जाऊन आलो. कलम परत आणा म्हटलं. "अध्यक्षसाहेब," ते म्हणाले, "कायदा आता तुमचा-आमचा राहिला नाही. लोकांचा झाला." विश्वस्त असलेल्या आपल्या दोघा काकांसमोर विषय काढला तर म्हणाले, तुझी तब्येत बरी नाही. राजीनामा लिहिला आहे. पण मी गेलो की धाकटे काका येणार, आणि ते समेटाची मुदत पाच वर्षं करा म्हणणारे. मी आत राहिलो तरी काही होत नाही, बाहेर पडलो तरी काही होत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

तू सांग. तू म्हणशील ते करतो.

बारक्या


३१ मे

बारक्या,

आज दुपारी खोली आवरली. माझ्या सोबतिणीने सुया, दाभण, कात्री पिशवीत घालून दिली, मी परत ठेवून आले. घरी काय करू त्याचं?

तू विचारतोस, काय करू? काही करू नकोस. तुझ्या करण्याचं ओझं आता माझ्याच्याने उचलवत नाही. रागाने नाही लिहीत. राग यायला थोडी ताकद लागते.

नीट वाच. यापुढे माझी पत्रं घरून येतील, आणि पाकीट बंद होण्याआधी वाचली जातील. त्यांत मी मजेत असेन. खरं मानू नकोस. पण उत्तर पाठव, चांगलं पाठव. काही मागितलं असलं तर दे. नाही दिलंस तर त्याची भरपाई इथे होते, आणि आता ती माझ्या एकटीच्या वाट्याला येईल असं नाही.

आईसारखं निघून जाता येईल का, असा विचार केला होता. मग लेक त्या घरात एकटी. आई कशी गेली असेल, हे मला आता कळतं, आणि मी का जाऊ शकत नाही, तेही.

खिडकीबाहेर बूट चालले आहेत. पाच वाजले.

ताई


१९ ऑगस्ट

प्रिय बारक्यास,

आम्ही सर्व मजेत आहोत. पत्र लिहायला उशीर झाला, घरकामातून सवड होत नाही. नोकरी सोडली ते फार बरं झालं. घराकडे लक्ष देता येतं. तुझी भाची अभ्यासात पुढे आहे आणि पूर्वीसारखी बडबड करत नाही, समजूतदार झाली आहे.

पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या भागाच्या समेट मंडळाच्या अध्यक्षबाई प्रकृतीमुळे जागा सोडत आहेत. त्या जागी अनुभवी, शिक्षणक्षेत्रातला माणूस हवा असं सगळ्यांचं मत आहे. ह्यांचं नाव पुढे आलं आहे. प्रतिष्ठानच्या अध्यक्षांचं शिफारसपत्र असेल तर काम सोपं होईल. आम्हा दोघांचं अनुभवावरून असं मत आहे की समेटाने घर सावरतं, आणि ह्यांना ते इतरांना पटवून देता येईल.

तू शिफारस देशीलच, अशी ह्यांची खात्री आहे. माझीही.

तुझी,
ताई


२७ ऑगस्ट

ती. भाऊजी व प्रिय ताई यांस,

पत्र मिळालं. तुम्ही सगळे मजेत आहात हे वाचून फार आनंद झाला.

शिफारसपत्र सोबत जोडलं आहे. प्रतिष्ठानच्या कागदावर आहे, सही माझी आहे, शिक्का आहे. आणखी काही दुरुस्ती हवी असल्यास कळवावी, तसं करून पाठवीन. भाऊजींसारखा माणूस त्या जागी बसतो आहे याचा आम्हा सर्वांना अभिमान वाटतो. तिथे येणाऱ्या प्रत्येकीचं ते शांतपणे ऐकून घेतील, याची मला खात्री आहे.

भाचीला शाबासकी. इकडे सर्व ठीक.

आपला,
बारक्या